सातवा बिल्ला

होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव.
पाच ओळींचं काम, म्हणून पाचला आले.
आता पावणेदहा. वडगावात माग अजून चालू,
विणकर पतसंस्थेच्या माडीवर फरशी थरथरते,
आणि सर्व्हर, सुताच्या जुन्या कपाटात बसवलेला,
आपलाच एक माग असल्यासारखा घुमत राहतो.

दुपारी फोन आला होता: सगळं बंद पडलंय,
सभासद रांगेत, पडदा पांढराफटक.
लॉग उघडला. यंत्र एकच वाक्य म्हणत होतं,
चारशे वेळा, न चिडता:
जोडण्या संपल्या.

“काय शोधूलालीस?” परशराम कंग्राळकर विचारतात.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुलूप तेच लावतात.
सांगते, काका, प्रत्येक पान आत जाताना
एक जोडणी मागून घेतं. काम झालं की परत द्यायची.
दहाच ठेवल्यात. कोणीतरी देत नाही.

ते उठतात. गल्ल्याखालचा खण ओढतात,
तो अडतो, गुडघा लावून ओढतात,
आणि टेबलावर पितळी बिल्ले ओततात.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आठ, नऊ, दहा.
“सातवा मल्लव्वा तेलसंग घेऊन गेली,
अठ्ठ्याऐंशी साली. मुद्दाम नव्हे, पदराला गाठ मारली, विसरली.
त्या दिवशी रांग सहावर अडली.
आठवाला आत घेतलं तर भांडण, नाही घेतलं तर भांडण.”

मी कोड वाचत खाली जाते.
व्याजाचं पान. बरोबर, बरोबर, बरोबर,
आणि मग ती जागा:
खात्याला वारस लिहिलेला नसेल
तर हिशेब मधूनच माघारी फिरतो,
दार न लावता.

बस, एवढंच. दोन ओळी वर ढकलल्या,
थांबायची मुदत तीस सेकंद केली,
पासवर्ड बदलला (जुना होता संस्थेचंच नाव,
मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, वर हळदीचं बोट).
सर्व्हर पुन्हा उठवला. पडद्यावर यादी आली,
आणि यादीत नावांच्या जागी
????? ?????
????? ????????

अक्षरसंचाची सहावी ओळ कोणी लिहिलीच नव्हती.
मराठी नावं, कन्नड नावं, सगळ्यांची सारखीच प्रश्नचिन्हं.
बाहेर पाटीवर कुठलं अक्षर किती मोठं
यावरून आमच्या गावात दगड उडालेत.
आत इतकी समता, की बघवेना.

ओळ लिहिली. बहुतेक नावं परत आली,
वेलांट्या, उकार, कन्नडची गोल वळणं.
दोनशे बारा आली नाहीत.
दोन वर्षांत ज्यांची नोंद झाली
त्यांची प्रश्नचिन्हंच साठवली गेली होती, खरी, कायमची.
ती कागदावरूनच पुन्हा घालायची.

काका रजिस्टर वाचतात. मी टाइप करते.
कन्नड आलं की माझी बोटं शाळेत जातात,
एकेक अक्षर हुडकतात. ते थांबतात,
चष्मा पुसतात, घाई करत नाहीत.
शिवाक्का गोडसे. रुद्राप्पा मुनवळ्ळी. ईश्वर बिर्जे.
मग एक नाव वाचून ते जरा गप्प.
“ही अजून आहे की गं. खातं मागल्या वर्षी नव्यानं लिहिलं.”
तेलसंग, मल्लव्वा. शिल्लक अकराशे चाळीस.
वारस: रिकामं.

मी सेव्ह केलं.
पान गेलं, हिशेब झाला, जोडणी परत आली.
दहापैकी दहा मोकळ्या.

खाली एक माग थांबला, मग दुसरा.
काका बिल्ले दोरीत ओवत होते.
“सातवा नवा करून घ्यावा काय?”
असू दे म्हटलं.
फाइल अजून उघडीच होती, दहाच्या आकड्यापाशी
कर्सर लुकलुकत होता. मी तो तसाच ठेवला,
आणि काकांनी सहानंतर, आठच्या आधी,
दोरीला एक सैल गाठ मारली.