वागोळ

दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीसमोर
आसोपालवाला काल एक फळ लागलं.
आसोपालवाला एवढं फळ लागत नाही,
म्हणून चष्मा लावला.

फळाने एक डोळा उघडला,
पायाच्या नखाने कान खाजवला
आणि स्वतःला पुन्हा गुंडाळून घेतलं,
जणू मीच अवेळी कडी वाजवली होती.

खालून कोकिळाबेन ओरडल्या,
‘वागोळ छे! उडाडी मूको!’
ओला टॉवेल धरून मी तशीच.

वागोळ म्हणजे वाघूळ.
वागोळवुं म्हणजे रवंथ करणं.
लग्न होऊन बडोद्याला आले त्याला चाळीस वर्षं,
आणि हे आज जुळलं.

रात्री कधीतरी ते गेलं.
सकाळी कठड्यावर चिकूच्या दोन बिया
आणि चघळून टाकलेला चोथा.
बोटाने दाबून पाहिला:
कोरडा.