ओल

सांगलीच्या यार्डात सत्तावीस वर्षं
मी हळदीची पोती तोलतो.
पन्नास किलो, दोनशे. लिहा.
एकोणपन्नास, आठशे. लिहा.
काट्यावर कायम दुसऱ्याचाच माल.

एका दुपारी सौदे संपल्यावर
दत्तू सरगर म्हणाला, "मालक, आज तुम्हीच चढा की."
हमाल हसले. मी चपला काढून चढलो,
देवळाची पायरी चढावी तसा.
एकशे सहा, चारशे.
"दोन पोती, आन् वर भडंगाचा पुडा,"
म्हणत दत्तूनं पावती फाडली.

ती खिशात घालून शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंकडे गेलो.
म्हटलं, मे महिन्यात पोरीचं लग्न,
तोवर तीस किलो उतरवा.
बाई साखरेचा रिपोर्ट वाचत होत्या.
मान वर न करताच म्हणाल्या,
"भूपालराव, हळद किती दिवसांत वाळते?"
शिजवल्यावर पंधरा दिवस. ऊन चांगलं असलं तर.
"आणि घाई केली तर?"
वरनं वाळते. आत ओल राहते.
महिन्याभरात पोत्यात बुरशी.
बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं: महिन्याला एक किलो.
वर्षाला दहा.
दोन महिने सणासुदीचा कडता.

एक किलो!
आकड्याचीच लाज वाटली.
एवढी तर यार्डात झाडलोटीत जाते.

राजमतीनं डब्यातली एक भाकरी कमी केली
आणि मला न सांगता स्वतःचीही.
आई दिवस मावळायच्या आत जेवायची,
आम्हाला गल्लीभर हाका मारायची.
चाळीस वर्षं ऐकलं नाही.
आता फी देऊन तेच ऐकून येतो.

पहाटे आयर्विन पुलावर.
पहिल्या आठवड्यात अर्ध्यातच
कठडा धरून उभा राहिलो.
खाली कृष्णेत म्हैस धुणारा पोरगा वर बघत होता.
मी पाणी बघतोय असं दाखवलं.

पहिल्या महिन्यात नऊशे ग्रॅम.
दुसऱ्यात चारशे.
तिसऱ्यात काहीच नाही.
मी काट्याला शिव्या दिल्या.
दत्तूनं वीस किलोचं माप ठेवून दाखवलं.
वीसच.

लग्न झालं. कोटाचं बटण लागलं नाही,
फोटोत मी तसाच उघडा उभा आहे.
उरलेली बुंदी कुणीतरी संपवायलाच हवी होती.
जूनमध्ये दोन किलो परत.

आठ दिवस पुलाकडे फिरकलो नाही.
नवव्या दिवशी का गेलो, सांगता येत नाही.
झोप मोडली होती, एवढंच.
म्हैसवाला पोरगा खालनं ओरडला,
"काका, गावाला गेलतासा व्हय?"
हो म्हटलं.
त्या दिवशी पलीकडं सांगलवाडीपर्यंत गेलो.

आता दुसरा हंगाम.
सत्त्याण्णव, सहाशे.
पावत्या एका दोऱ्यात ओवून
खुंटीला टांगल्यात, वाढलेल्यासुद्धा.
बिनसाखरेचा चहा अजून आवडत नाही.

परवा कवठेपिरानचा एक पोरगा
पहिल्यांदाच स्वतःचा माल घेऊन आला.
मी हळकुंड मोडलं.
वाळलेलं असतं तर कट् वाजलं असतं.
हे नुसतं वाकलं.
त्याचं तोंड उतरलं.
"वाया गेली नाही रे," म्हटलं, "वाळायलीय.
अजून चार उन्हं दे."
तो गेल्यावर बराच वेळ
ते वाकलेलं हळकुंड माझ्या हातातच होतं.

घरी आलो. पत्र्यावर अजून ऊन.
राजमती ताट वाढता वाढता विचारते,
"काय म्हणतोय काटा?"
अजून ओल आहे, म्हणतो.
तिचा हात दुसऱ्या भाकरीवर थांबतो.

अर्धी, म्हणतो.