बद्द

मिहानच्या पाचव्या शेडमध्ये
माझ्या हाती एक नाणं असतं.
रुपयाचं, जुनं, जाड, कडा झिजलेलं.
दुकानात आता कुणी घेत नाही ते,
इथे त्याच्याशिवाय विमान हलत नाही.

टिक् टिक् टिक्
दोन बोटं सोडून पुन्हा टिक्.
पंखाच्या काळ्या कातडीवर
मी अशी चालत जाते, कानाने.
आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
वर कार्बनचं कापड, पाच पदरी,
वीण अशी की माझ्या आज्याने
गोळीबार चौकातल्या मागावरून मान वर करून
पाहिली असती, तर म्हणाला असता,
"पोत बरा आहे, पन नेसन कोन?"

आभाळ नेसणार होतं, आबा.
वैमानिकाशिवायचं, लांब पंखांचं,
वीस किलोमीटर वर जाऊन
महिनाभर नुसत्या उन्हावर जगणारं.
वजन दोन माणसांएवढं,
पंख आपल्या गल्लीहून लांब.

मला हे काम कुणी शिकवलं नाही.
आई उन्हाळा लागला की माठ घ्यायची,
कॉटन मार्केटच्या अंगाला,
बारा वाजवून एक.
"ऐक मंदे, हा बोलून रायला.
अन् हा पाय, बद्द."
मला दोन्ही सारखेच वाटायचे.
मग एका मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
अचानक फरक ऐकू आला
आणि पुढे तो कधी बंदच झाला नाही.
दारं, ताटं, पोळपाट.
माणसंसुद्धा.

तर त्या मंगळवारी
डाव्या पंखाच्या सातव्या फासळीपाशी
टिक् टिक् टिक्
बद्द.

नाणं पदराला पुसलं. परत.
बद्द. चिंचोक्याएवढं.
अल्ट्रासाउंडचं मशीन आणलं, जर्मन,
पडद्यावर सगळं निळं, निवांत, सकाळच्या फुटाळ्यासारखं.
अंगद हेडाऊ, वय सव्वीस, डिझाइन त्याचं,
तीन रात्री शेडमध्येच झोपलेला,
म्हणाला, "निनावेबाई, काऊन अडवून रायल्या?
शुक्रवारी उड्डाण आहे."
मी म्हटलं, "मले ऐकू येते."
एवढंच होतं माझ्याकडे.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

बंगळुरूहून आलेल्या मोठ्या मॅडम
बराच वेळ नाण्याकडेच बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "कापा."

कापलं. तळहाताएवढा चौकोन.
आत पोळं शाबूत, गोंद शाबूत,
प्रत्येक षटकोन नुकताच आखल्यासारखा.
कुणी काही बोललं नाही,
कूलर तेवढा घरघरत होता.
अंगद बाहेर गेला तो जेवायलाही आला नाही.

महिना गेला. नवं पॅनल आलं.
ते या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत बोललं,
मी सही केली.

पहाटे चारला, वारा निजलेला असताना
सोनेगावच्या धावपट्टीवरून ते उठलं,
इतकं हळू, की पंखाखाली धावणारी पोरं
क्षणभर त्याच्या पुढे होती.
मग नव्हती.
सगळे वर बघत होते. मी डोळे मिटून.
एवढ्या मोठ्या गोष्टीचा एवढाच आवाज:
चादर झटकावी तसा, एकदाच.

ते कापलेलं पॅनल
खापरीच्या पुढे दौलतच्या टपरीवर आहे.
भंगारातून उचललं, त्याचं टेबल केलं,
भोकावर साखरेचा डबा ठेवतो.
अंगद आता माझ्यासोबत तिथेच चहा घेतो.
काल म्हणाला, "अठरा दिवस झाले, बाई.
अजून वर आहे."
त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी धुतल्यासारखा दिसत होता.
फोन आला म्हणून तो उठला,
तशी मी डबा सरकवला,
भोकाच्या कडेपासून दोन बोटं सोडून
नाणं टेकवलं.

टिक्.
टिक्.

दौलतने स्टोव्ह बारीक केला.
"काय झालं, ताई?"
"काई नाई," म्हटलं,
आणि साखरेचा डबा
भोकावर नाही,
त्या जागेवर ठेवला.