निरीक्षण क्रमांक तीन

खोली एकशे चौदा.
एकोणीस वर्षांपूर्वी याच खोलीत
मी मागच्या बाकावर पेंगत होते,
सफरचंदांच्या शेडमधून थेट आलेली,
नखांत मेण.
फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं : सामाजिक स्तरीकरण.
मला वाटलं, हे आमच्या पट्ट्याबद्दलच असणार.
मोठी लाल फळं जहाजानं परदेशी,
मधली शाळेच्या डब्यांत,
डागाळलेली रसाला.
तसं ते होतंही, थोडंफार.

आता फळा माझ्याकडे. मंगळवार, गुरुवार,
संध्याकाळी साडेसहा, याकिमाचं कम्युनिटी कॉलेज.
खिडकीबाहेर बोडके डोंगर,
आत हीटर, जो फक्त आवाजानं ऊब देतो.

सोकोर्रो हिरवा एप्रन न काढताच येते.
वेंडेल अठ्ठावीस वर्षं तुरुंगात पहारेकरी होता,
गुडघे गेल्यावर शिकायला आला.
दाराकडे पाठ करून तो कधीच बसत नाही.
त्याच्यापासून एक खुर्ची सोडून तलिशा,
जिचा भाऊ त्याच तुरुंगात.
दोघांनाही ते माहीत आहे.
पहिले तीन आठवडे मधल्या खुर्चीवर
वेंडेलचा डबा असायचा.
चौथ्या आठवड्यात तिनं विचारलं, यात असतं तरी काय?
पुस्तकात अशा क्षणाला एक नाव आहे.
मी ते त्या दिवशी उच्चारलं नाही.

मी एवढंच सांगते : बघा.
रोज जाता तिथेच परक्यासारखं उभं राहा.
कोण बसून बोलतं, कोण उभ्यानं ऐकतं.
निष्कर्ष काढू नका. नोंदवा.

कागद येतात.
सोकोर्रोच्या शेडमध्ये सात जणींना नावानं हाक,
बेचाळीस जणींना शिट्टी.
वेंडेल कुत्र्यांच्या बागेत जाऊन बसला होता :
कुत्र्यांची नावं सगळ्यांना पाठ,
माणसांची कुणालाच नाही.

तिसरा कागद ऑरिनचा.
टायरच्या दुकानात काम करतो,
वर्गात आजवर फक्त हजेरीपुरता बोललाय.

*स्थळ : पार्किंग, क विभाग.
व्यक्ती : एक शिक्षिका, वय अंदाजे चाळीस.
तिचं ऑफिस गाडीच्या डिकीत आहे.
तीन खोकी, तीन कॉलेजांची नावं.
सहा वीसला ती एक खोकं काढते,
उरलेल्या दोघांवर टॉवेल घालते, झोपवल्यासारखा.
केळं उभ्यानं खाते.
मग आरशात बघून चेहरा बदलते.
मागचा डावा टायर गुळगुळीत झालाय.
तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
निष्कर्ष काढू नका म्हणालात, म्हणून थांबतो.*

लाल पेन मी टेबलावर ठेवलं.
टेबल म्हणजे स्वयंपाकघरातलं, शेजारी न भरलेलं वीजबिल.
असुरक्षित श्रम, प्रकरण नववं,
त्याला मी दरवर्षी दोन तास देते,
आकडे, आलेख,
आणि उदाहरणं सगळी दुसऱ्यांची.
आजोबांचंही एक सांगते, शतावरी कापायचे,
वाकून वाकून त्यांची सावलीही वाकली होती.
हातावर पोट म्हणजे त्यांचं, असं मी धरून चालले होते.
मी तर प्राध्यापक. तासिका तत्त्वावर का होईना.
वसंत सत्राचं पत्र अजून आलेलं नाही.

दहापैकी नऊ दिले.
समासात लिहिलं : केळं पूर्ण नव्हतं, अर्धंच.
उरलेलं परतीच्या वाटेसाठी असतं.
निरीक्षकानं शेवटपर्यंत थांबायला हवं.

गुरुवारी वर्ग सुटला तेव्हा
तो क विभागात उभा होता,
हात खिशात, तोंडातून वाफ.
मी डिकी उघडली, टॉवेल उचलला,
अर्धं केळं काढलं. काळं पडलेलं.
त्याच्यासमोर खाल्लं. घाई केली नाही.

टायरचं काय, तो म्हणाला.
एकतीस तारखेनंतर, मी म्हणाले.
त्यानं वाकून रबरावर अंगठा फिरवला,
आमचे आजोबा शतावरीच्या कोंबावर फिरवत तसा,
आणि म्हणाला,
एकतीसपर्यंत महामार्गानं जाऊ नका.