समासातली नावं

पेन्सिल माझ्या केसांत खोवली,
ती घसरली, फरशीवर टक्कन वाजली.
टेबलामागचा माणूस म्हणाला, पुढची.

पुढची म्हणजे युनिस.
तीच पेन्सिल तिच्या केसांत
खुंटीसारखी रुतून बसली.
त्यांनी तिला मान हलवायला लावली.
पुन्हा. अजून जोरात.
एका आईच्या आम्ही, एका फणीनं विंचरलेल्या,
दुपारी दोन वेगवेगळे कागद घेऊन बाहेर आलो.
केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असेल,
पण कुणी कुणाचा कापला
हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आमचं आडनाव सप्टेंबर.
जहाजातून उतरवलेल्या कुणा पूर्वजाला
महिना बघून ठेवलेलं.
लग्नानंतर मी म्युल्डर झाले,
मग सप्टेंबर घरात यायचा तो फक्त कॅलेंडरवर.

वूस्टरचं वाचनालय आमच्यासाठी होतं.
आमच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी.
पंधरवड्याला तीन पुस्तकं. ती मी पावाच्या पिशवीत घालून
रुळांपलीकडे न्यायची.
तिकडे तिला घर दिलं होतं,
म्हणजे इकडचं काढून घेतलं होतं.
पीच डब्यात भरायच्या कारखान्यातून ती यायची,
मनगटांना फळांची लव चिकटलेली,
खाजवत खाजवत वाचायची.

गोष्टीत तिचा जीव नसायचा.
ती शोधायची बिननावाची माणसं.
घोड्याचं नाव असायचं, त्याच्या आईचंही असायचं,
लगाम धरणारा साठीचा म्हातारा मात्र 'पोऱ्या'.
युनिस समासात बारीक लिहायची :
याकोबस. मिशनच्या बागेत माळी होता. गुडघा दुखतो.
'स्वयंपाकघरातून कुणीतरी हसलं' याच्या शेजारी :
सलमिना आणि तिची भाची.
'काळ्या सावल्या शेतातून परतत होत्या' इथं
तिला जागा पुरली नाही,
नावं उभी लिहीत ती पानाच्या तळापर्यंत गेली.
मी विचारलं, हे कोण गं सगळे?
म्हणाली, आहेत. तुझ्या पुस्तकात राहतात,
तुला दिसले नाहीत?

पुस्तकं परत करायच्या आदल्या रात्री
मी खोडरबर घेऊन बसायची.
नवरा झोपला की.
एकेक नाव. याकोबस, त्याचा गुडघा.
फुंकर मारली की टेबलावर करडा चुरा,
तो ओल्या फडक्यानं पुसायचा.
भीती होती, असं मी म्हणते.
भीती होतीच.
पण काम मी फार मन लावून करायचे.
ग्रंथपाल बाई म्हणायच्या,
मिसेस म्युल्डर, तुमच्याकडून पुस्तकं किती स्वच्छ येतात!

युनिस जाऊन नऊ वर्षं झाली.
मार्चमध्ये वाचनालयानं जुनी पुस्तकं काढली, पाच रँडला एक.
मी चौदा उचलली.
खिडकीशी धरून पाहते :
जिथं खोडलं तिथं कागद पातळ झालाय
आणि बाकीच्या पानाहून जरा गोरा.

एका पुस्तकात, पान सत्त्याऐंशीवर,
माझ्या हातून एक नाव सुटलेलं सापडलं.
जेवणाचं टेबल. मालकीण चमचा उचलते,
मागून एक मुलगी सूपचं भांडं आणते,
ठेवते, निघून जाते.
समासात युनिसचं अक्षर, फिकट :
योहाना.

ते नेमकं दोन ओळींच्या मधे आहे.
वरच्या ओळीत चमचा,
खालच्या ओळीत सूप.
चष्मा बदलून पाहिलं, भिंगाखाली पाहिलं,
पट्टीसुद्धा लावली.
वर सरकत नाही, खाली उतरत नाही.

काल नातीनं विचारलं, आजी,
या पुस्तकात तुझं नाव कुणी लिहिलं?
मी म्हटलं, बहिणीनं.
ती म्हणाली,
तुला बहीण होती?