चौदावी पेटी

मी आधी पेटी बघतो, भांडं नंतर.
माणूस गेल्याला एकोणपन्नास दिवस झाले
की घरच्यांचा फोन येतो मला,
आणि मी जुन्या टॉवेलांचं गाठोडं घेऊन
त्सुयामाचा घाट चढतो.

तोमिएबाईंनी चौदा पेट्या चटईवर मांडल्या होत्या.
किरीचं लाकूड, हाताला पाखरासारखं.
फितींच्या गाठी नवऱ्याच्या, डावखुऱ्या;
सोडताना माझी बोटं दोनदा चुकली.

बिझेनची सुरई, झिलईवाचून,
भट्टीतल्या राखेनं खांद्यावर तीळ पेरलेले.
हागीचा वाडगा, चहा मुरत मुरत
लोण्याचा रंग सोडून जर्दाळूकडे निघालेला.
साकेचा पेला शिगाराकीचा,
खडबडीत, ओठ लावावा तर ओठच दचकेल.
मी आकडे लिहीत गेलो. त्या चहा ओतत गेल्या.

चौदावीच्या झाकणात आतून
एका जुन्या कुंभाराची सही, लाल शिक्का.
उरलेल्या तेरांची मिळून जी किंमत, ती हिची एकटीची.
उघडली.
पिवळं फडकं, फडक्यात खळगा.

"यातलं कुठंय?"
"होतं का काही त्यात?"
आणि मग माझ्याआधी त्यांनाच दिसलं
त्यांच्या हातात काय आहे ते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आणून दिलेला.
"स्वस्तात मिळाला, वापर."
एक्केचाळीस वर्षं त्यात
सकाळची गोळी, रात्रीचं पाणी,
फेटलेलं अंडं,
नातवाचा दात पडला तेव्हा चूळ भरायला मीठपाणी.

"हा टवका मीच पाडला, नळावर," त्या म्हणाल्या.
"ते हसले होते.
मेला, कसा हसला असेल!"

टवका धरून मी आकडा सांगितला.
त्यांनी तळचा घोट संपवला,
पेला विसळला, फळीवर पालथा घातला.
"नुसत्या पेटीचे काही येतील?"

येतात. रिकाम्या पेटीलाही गिऱ्हाईक असतं.
कशासाठी, ते मी सांगितलं नाही.

परतताना तेरा पेट्या टॉवेलांत घट्ट,
चौदावी वळणावळणावर मागं घरंगळत होती.
घरंगळू दिली.

गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं.
तिच्यात मी पावत्या ठेवतो.