सैल

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
बावीस वर्षं मी छातीवर वायरी चिकटवतो.
उन्हाळ्यात जेल पाण्यासारखं पळतं,
रबरी फुगे चिरतात,
आणि बारीक चौकटींच्या गुलाबी कागदावर
माणूस निघतो, वीतभर.

आखाजीच्या आदल्या दिवशी कौतिकबाई आली.
मनगटापर्यंत कणीक,
कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग,
केळीच्या पानावरल्या करप्यासारखे.
'हात दुखस भाऊ, डावा. दुसरं काही नई.'
अडावदला लग्नघर होतं,
पहाटेपासून एकशे चाळीस मांडे झाले होते,
नातवानं दोनदा बाम चोळला होता.

ते हात मला माहीत होते.
माझ्या लग्नात पाहिले होते:
पुरण भरलेला गोळा तळहातावर पडायचा,
मग या हातावरून त्या हातावर
झुलत, पसरत जायचा,
पलीकडचा चुलीचा जाळ दिसेल इतका पातळ,
आणि उपड्या खापरावर अलगद.
एक सुरकुती नाही.

स्नायूला फक्त ओढता येतं.
ढकलणं त्याला ठाऊकच नाही.
हात वाकवायचा तर दंडाचा पुढचा आवळतो,
पसरायचा तर मागचा आवळतो, पुढचा सोडतो.
आत, कुणाला दिसणार नाही इतक्या आत,
दोन फण्या एकमेकींच्या दातांत सरकतात
आणि परत निघतात.
आमचे पिंजारी सर शिकवताना म्हणायचे,
आवळण्याचं कौतुक सगळ्यांना असतं पोरांनो,
पण सोडायलाही ताकद लागते.
ती संपली की माणसाचं लाकूड होतं.
मेलेल्याची मूठ उघडून बघा कधी.

कागद सरकू लागला.
दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीत,
ठोक्यानंतर रेघ जिथं खाली येऊन टेकते
तिथं ती टेकेना.
कमानीसारखी वरच राहिली.

म्हणजे हात दुखत नव्हता.
काळजाला आपलं दुखणं आपल्या घरी सांगता येत नाही,
ते शेजारच्या दारात जाऊन कण्हतं.
आणि आपण शेजाऱ्याला बाम लावतो.

डॉक्टरांनी गोळ्या चघळायला दिल्या,
जळगावची गाडी मागवली.
ती येईपर्यंत मी स्टूल ओढून बसलो
आणि बोलत राहिलो. भीती वाटली की मी बोलतो.
म्हटलं, मावशी, काळीज म्हणजे पण स्नायूच,
तुमच्या दंडासारखा.
दिवसातून लाखभर वेळा आवळतो.
तिनं बंद पंख्याकडं बघत विचारलं,
'मंग त्याले सुटी कव्हय?'

दोन ठोक्यांच्या मधे, म्हटलं.
तेवढीच.
सगळ्या अंगाला वाढून झालं
की जरा सैल पडतं,
आणि त्या सैल पडण्यातच
स्वतःचा घास घेऊन टाकतं.

ती हसली असावी. ओठ हलले.
'मांडा कव्हय फाटस, ठाऊक शे का तुले?'
मला ठाऊक नव्हतं.
'हात आखडना, तव्हय.'
मग बराच वेळ काही नाही.
फक्त मशीनची टिकटिक,
आणि बाहेर कुणीतरी कुल्फीवाल्याशी
दोन रुपयांवरून भांडत होतं.

गाडी लागली.
स्ट्रेचरवर घेताना दिसलं,
तिनं चादरीचं टोक घट्ट धरून ठेवलंय.
सोडा मावशी, म्हटलं, जाऊ द्या.
एवढं म्हणताना सरांचं ते वाक्य आठवलं
आणि माझाच हात थंड पडला.

मग करंगळी सुटली.
मग तिच्या शेजारचं बोट.
हळूहळू, जोर लावून लावून
पूर्ण मूठ उघडली.
तळव्यावर कणकेची वाळली पापडी,
भेगाळलेली,
आणि जायफळाचा वास.

तासाभरानं अडावदहून फोन आला,
अजून साठ मांडे बाकी आहेत,
बाई निघाली का?